ढालीत काय काय दिसतं

मंगळवार, रात्री

जेवणं उरकल्यावर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. रंगवायचा मिनिएचर, म्हणजे छोट्या पुतळ्यातला शिपाई, जेमतेम सव्वा इंचाचा, ढाल अंगठ्याच्या नखाएवढी. यावेळी चंदेरी रंगाची बाटली उघडायचीच नाही, असं ठरवलंय. त्या रंगात अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा बारीक चुरा असतो. तो स्वतःच चमकतो आणि मिनिएचर दिव्याखाली फिरवलं की चमकही सरकते. नॉन-मेटॅलिक मेटलमध्ये, मिनिएचरवाल्यांच्या बोलीत एनएमएममध्ये, ही सोय नाही. काळा, राखाडी, पांढरा आणि चिमूटभर निळा, एवढ्यावर पोलाद उभं करायचं. उजेड कुठे पडलाय हे आपणच ठरवायचं आणि तो तिथे कायमचा रंगवून टाकायचा.

आई म्हणाली, "अरे, दिवसभर कारखान्यात लोखंडच बघतोस ना? घरी येऊन पुन्हा तेच?"

दिवसभर बघतो कुठे, मापतो.

बुधवार

म्हणून आज मुद्दाम बघितलं. नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या शॉपमध्ये लेथवरून उतरलेले शाफ्ट तपासायला आले होते. मायक्रोमीटर बाजूला ठेवून एक शाफ्ट ट्यूबलाइटखाली धरला. उजेडाची बारीक पांढरी पट्टी लांबीभर सरळ जाते आणि तिला अगदी खेटून जवळजवळ काळी पट्टी. मधली राखाडी छटा नावापुरती. कापडावर उजेड हळूहळू उतरतो, धातूवर तो तुटतो. तलवारीच्या पात्यावर इतके दिवस मी कापडच रंगवत होतो म्हणायचं. ग्राइंडिंग केलेल्या प्लेटवर मात्र तोच उजेड पसरून धूसर होतो, म्हणजे बफ केलेलं चिलखत आणि घासलेलं चिलखत वेगळं रंगवायला हवं.

सुपरवायझरनी विचारलं, "काय हो, माप गेलं का?" मी म्हटलं, "नाही साहेब, बरोबर आहे."

वेल्डिंगच्या कडेचे रंगही आज नीट पाहिले. सांध्याजवळ निळा, मग जांभळा, मग तपकिरी आणि सगळ्यात लांब फिकट गवती पिवळा. 220 अंश सेल्सिअसच्या आसपास तो पिवळा येतो, 300 च्या घरात निळा. तिथे रंगद्रव्य वगैरे काही नसतं. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. मिनिएचर रणगाड्याच्या सायलेन्सरवर हेच रंग अगदी पातळ करून, याच क्रमाने चढवायचे. क्रम उलटला तर शॉपमधला कुठलाही पोरगा हसेल.

शनिवार

आईला समई घ्यायची होती, म्हणून भांडी बाजारात गेलो. ती वजन आणि भाव बघत होती, मी पराती. एका उभ्या ठेवलेल्या पितळी परातीत वर रस्त्यावरच्या आभाळाची पट्टी, मधे समोरच्या दुकानांची काळी रेघ, खाली रस्त्याचा मातकट रंग. कडेला आईच्या साडीचा लाल डाग, ती हलली की हलणारा. परातीचा म्हणावा असा पिवळा रंग फार थोड्या जागी होता, बाकी सगळा शेजार.

शेजारच्या मठारलेल्या तांब्यावर तर प्रत्येक ठोक्यात उजेडाचा वेगळा ठिपका, आणि ठिपक्यालगत त्याची स्वतःची सावली. आणखी एक गोष्ट आज डोक्यात बसली. स्टीलच्या डब्यात ट्यूबलाइट पांढरीच दिसते, तांब्यात मात्र ती लालसर होते. तांबं आणि सोनं समोरचं सगळं आपल्या रंगात बुडवून परत देतात, म्हणून सोनेरी ढालीत आभाळ निळं रंगवून चालायचं नाही.

"भाऊ, घ्यायचीय का नुसती बघायचीय?" दुकानदार म्हणाला. समई घेतली, परात नाही.

रविवार

उकाड्यात रंग ब्रशवरच वाळतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग काढले, की तासभर तरी तग धरतात. पितळेसाठी गडद तपकिरी, मग गेरूच्या जवळचा पिवळा, मग स्वच्छ पिवळा आणि टोकाला हस्तिदंती. सावलीसाठी पिवळ्यात काळा घालायचा मोह आवरला, त्याने पितळ शेवाळी होतं. त्याऐवजी तपकिरीत किंचित जांभळा घातला.

ढाल मात्र पोलादी ठेवली. वरच्या अर्ध्यात फिकट निळसर आभाळ, मधे क्षितिजाची धारदार काळपट रेघ, खाली मातीचा तपकिरी. तरीही ती दुपारभर पट्ट्यापट्ट्यांचं चित्रच वाटत होती. मग शिपायाच्या लाल अंगरख्याच्या बाजूला, ढालीच्या कडेला, तोच लाल अगदी पातळ करून फिरवला आणि वरच्या कडेवर पांढऱ्याचा एक ठिपका दिला. तेव्हा कुठे ती धातूची झाली. आईला दाखवली तर तिने नख लावून पाहिलं.

पण हा उजेड एकाच बाजूने खरा आहे. शिपाई वळवला की ढालीतलं आभाळ तिरपं होतं. कपाटातल्या सरदाराला ते शोभेल. खेळाच्या पटावर चारी बाजूंनी दिसणाऱ्या पलटणीला मी सरळ चंदेरीच देणार, फक्त खाचांत काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, आणि कडांना उजळ चंदेरी. त्यासाठी ब्रश धुवायचा पेला वेगळा ठेवायचा, नाहीतर अभ्रकाचा चुरा अंगरख्यांवर चमकतो. आणि मॅट वार्निश चिलखताला लागू द्यायचं नाही, सगळी चमक मरते.

सरदाराची तलवार पुढच्या रविवारी. आधी त्याच्या शेजारी काय उभं करायचं ते ठरवायला हवं, पात्यात तेच दिसणार.