तुम्ही विचारलंत म्हणून: ‘निश्ट’ कुठे घालायचं?

जर्मन शिकवते म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच: “मॅडम, वाक्यात ‘निश्ट’ नेमकं कुठे घालायचं?” ‘निश्ट’ म्हणजे जर्मनमधलं ‘नाही’. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग झालेल्या मुलीही तो विचारतात. पुस्तकात याच्या नियमांची यादी असते. यादी बरोबर आहे, पण बोलताना ती आठवायला सवड कुणाला असते? मराठी माणसासाठी त्याहून जवळची वाट आहे.

जर्मनमध्ये क्रियापद दुसऱ्या जागी येतं, हे आपण सुरुवातीलाच शिकतो. पण ती त्याची मूळची जागा नव्हे. हे गौण वाक्य बघा: ‘वाइल इश डेन ब्रीफ निश्ट लेझे’, म्हणजे ‘कारण मी ते पत्र वाचत नाही’. आधी मी, मग पत्र, शेवटी वाचणं. क्रम अगदी आपलाच! भाषाशास्त्रज्ञ एमन बाख यांनी १९६२ सालीच मांडलं होतं की क्रियापद शेवटी हाच जर्मनचा मूळ क्रम. मुख्य वाक्यात ते तिथून उठून पुढे येतं.

‘निश्ट’ मात्र जागचं हलत नाही. ‘लेझे’ पुढे गेलं की ते एकटंच मागे उरतं: ‘इश लेझे डेन ब्रीफ निश्ट’. यावरून मुलं धरून चालतात की ‘निश्ट’ शेवटी घालायचं, आणि ‘इश रूफे डिश हॉइटे निश्ट आन’ (मी आज तुला फोन करणार नाही) समोर आलं की अडखळतात. क्रियापद आहे ‘आनरूफेन’. त्यातलं ‘रूफे’ पुढे गेलं, ‘आन’ मागेच राहिलं, आणि ‘निश्ट’ होतं तिथेच आहे, ‘आन’च्या आधी.

क्रियापदाच्या मूळ जागेच्या आधीची ही जागा आपल्या ओळखीची आहे. ‘पत्र न वाचता’, ‘काही न सांगता’ यांतला ‘न’ तिथेच येतो. फरक पडतो तो पुढे. आपण ‘घरी न जाता’ म्हणतो. जर्मनमध्ये ‘घरी जाणं’ हे सगळं मिळून एक, म्हणून ‘निश्ट’ त्या सगळ्याच्या आधी: ‘इश फारे निश्ट नाख हाउझे’. ‘आजारी असणं’ तसंच: ‘एर इस्ट निश्ट क्रांक’. ‘वेळ नाही’सारख्या ठिकाणी ‘निश्ट’ऐवजी ‘काइन’ येतं, ‘इश हाबे काइने त्साइट’; ते सरावाने लवकर बसतं.

एकाच शब्दाला नकार द्यायचा असेल तर ‘निश्ट’ त्याच्या आधी जातं. ‘इश फारे निश्ट हॉइटे, झोंडर्न मॉर्गन’: आज नाही, उद्या जाणार. आपलं ‘नाही’ शब्दाच्या मागून येतं, त्यांचं पुढून.

एका ठिकाणी मात्र जागा पाहून अर्थ कळत नाही, आणि नर्सिंगच्या मुलींकडून मी ते पुन्हा पुन्हा घोकून घेते. ‘पेशंट मुस निश्ट आउफश्टेएन’ म्हणजे त्याने उठायलाच हवं असं नाही, वाटलं तर उठू दे. ‘डार्फ निश्ट आउफश्टेएन’ म्हणजे त्याने उठता कामा नये. दोन्हीकडे ‘निश्ट’ त्याच जागी आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल वॉर्डात हे सांगितलं जातं, तेव्हा कान ‘मुस’ आणि ‘डार्फ’वर हवा.