आठ फेऱ्या आणि एक यादी

हडपसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. पहाटे साडेपाचला सैन्यभरतीची पोरं पळवतो, ते वेळापत्रकात कुठंच नाही.

अग्निवीर जनरल ड्युटीला, म्हणजे सैन्यात चार वर्षांसाठी घेतात त्या साध्या शिपायाच्या भरतीला, १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत मारले तर ६० गुण, त्यापुढे ५:४५ पर्यंत ४८. आमचं मैदान २०० मीटरचं, म्हणजे आठ फेऱ्या, एकेक ४१ सेकंदांची. नवीन पोरगं पहिली फेरी चौतिसात काढतं आणि पाचवीला त्याचे पाय दगड होतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या मी शेजारून पळतो आणि कुणाला पुढं जाऊ देत नाही. दम राखायला शिकवणं अवघड आहे. ते मला जमतं, याचा मला अभिमान आहे.

गुरुवारी सैन्यभरतीची माहिती द्यायला एक हवालदार आले. प्राचार्यांनी आधीच सांगितलं होतं, "बारावीची यादी काढून ठेवा, मोबाईल नंबरसकट." हवालदार मला आवडले. एका मुलीनं विचारलं, चार वर्षांनी काय? त्यांनी टाळलं नाही. "२५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, मिळतो, पुढची नोकरी आपली आपण बघायची." सभागृह गप्प झालं.

यादी त्यांनी मागितलीच नाही. मागितली ती त्यांच्या पाठोपाठ आत शिरलेल्या, भरतीचे खासगी क्लास चालवणाऱ्या एका अकॅडमीवाल्यानं. मी दिली नाही. ते नंबर पालकांनी प्रवेशासाठी दिलेत, धंद्यासाठी नाही. अमेरिकेत २००२ पासून सरकारी पैसा घेणाऱ्या हायस्कूलला मुलांची नावं, पत्ते, फोन भरती अधिकाऱ्यांना द्यावेच लागतात. पालकांनी नकार कळवला तरच सुटका. आपल्याकडे तसली सक्ती नसताना आपण नुसत्या भिडेपोटी याद्या वाटतो. प्राचार्य अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

खरा पेच शुक्रवारी आला. माझा सगळ्यात चांगला पळणारा, १७ वर्षं ७ महिन्यांचा, संमतीपत्र घेऊन उभा. ऑनलाइन परीक्षा पास झालाय, मैदानी भरती तोंडावर आलीय. अठराच्या आतल्याला पालकांची सही लागते. "पप्पा करत नाहीत सर. तुम्ही करा ना."

सही मी केली नाही. रविवारी त्याच्या घरी गेलो. वडील टेम्पो चालवतात. म्हणाले, "बारावी होऊ द्या, मग जाऊ दे कुठंही. दहावीवर शिपाई होईल, बारावीवर आणखी काही होईल का, ते तुम्ही सांगा." खडकवासल्याची एनडीए, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, इथून तासाभरावर. बारावीच्या मुलांना अधिकारी होण्याची वाट तिथून जाते. इतक्या वर्षांत मी एकाही पोराला तो फॉर्म भरायला लावलेला नाही. जरा थांबून वडील म्हणाले, "सर, भरतीवाले एक दिवस आले. रोज पहाटे याला उठवून नेतं कोण?"

चहा तसाच राहिला.

सोमवारी पोरगा आला, माझ्याकडे न बघता पळाला. ५:३१. कागद माझ्या कपाटात आहे. त्याला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने आहेत, मग सहीचा प्रश्नच उरणार नाही. ही भरती मात्र तोवर निघून जाईल.