तळहाताआडून बघणारी मुलगी

माझी मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत तिच्या डोळ्यांची शंका मला कधी आली नव्हती. सांडलेले मणी ती माझ्याआधी वेचायची. डोळे सरळ, कुठे तिरळेपणा नाही. तिनेही कधी तक्रार केली नाही. करणार कशी? एका डोळ्याने धूसर दिसतं हे तिला जन्मापासूनच नेहमीचं. सगळ्यांना असंच दिसतं, असंच तिला वाटत असणार.

आदल्या वर्षी बालवाडीत तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. चिठ्ठी आली आदल्या दिवशी संध्याकाळी. निंदणी चालू होती, दुपारी बालवाडी सुटल्यावर तिला घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून ती आमच्याबरोबर शेतावर होती. हिंडत्याफिरत्या पोरीसाठी मजुरी बुडवावी असं त्या दिवशी मला वाटलं नाही. पथक पुन्हा आलं ते वर्षभराने. ते वर्ष मला अजून टोचतं.

दुसऱ्या वेळी मी तिथेच उभी होते. नर्सताईंनी तिचा उजवा डोळा झाकला, तिने समोरच्या तक्त्यावरची चित्रं पटापट सांगितली. मग त्यांनी डावा झाकला, तर पोरगी मान वाकडी करून त्यांच्या तळहाताआडून बघायला लागली. मला वाटलं, खोड्या करतेय. नर्सताईंनी हात हलू न देता पुन्हा विचारलं. वरची दोन मोठी चित्रं तेवढी सांगितली, मग गप्प. कागदावर त्यांनी ६/३६ लिहिलं. म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून जे दिसतं, ते हिला ६ मीटरवरून.

तपासणी पाच मिनिटांत उरकली. खरे कष्ट हातात मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी पडल्यावर सुरू झाले. पहिल्या दिवशी आमची गाडी पोहोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या खेपेला डोळ्यात घालायचं मलम दिलं आणि तीन दिवस घालून परत या म्हणाले. लहान मुलांचा नंबर नीट काढायचा तर डोळ्यातला स्नायू आधी सैल पडावा लागतो, हे तिसऱ्या खेपेला एका डॉक्टरांनी समजावलं. पहिल्याच दिवशी कोणी एवढं सांगितलं असतं, तर ‘उगाच फेऱ्या मारायला लावतात’ म्हणून घरात भांडण झालं नसतं. चौथ्या खेपेला चष्मा मिळाला. चार दिवसांची मजुरी गेली आणि गाडीभाडं वेगळं. तपासणी फुकट होती, पण आम्हाला ती फुकट पडली नाही.

याला आळशी डोळा म्हणतात. दोन डोळ्यांच्या नंबरात खूप फरक असला की मेंदू धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. साधारण सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो, पुढे कठीण होत जातं. आमच्या हातात थोडेच महिने उरले होते.

सासूबाई चष्म्याला तयार नव्हत्या. “चांगल्या पोरीला खोट कशाला लावता?” मी वाद घातला नाही. पोरीचा डावा डोळा माझ्या तळहाताने झाकला आणि म्हटलं, “आई, तुम्ही दारात उभ्या राहून चिमटीत मणी धरून दाखवा.” त्यांनी मणी धरला. पोरीने विचारलं, “आजी, मणी कुठंय?” त्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवसापासून चष्मा घालायची आठवण त्याच करायला लागल्या.

काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. पहिल्या आठवड्यात ती रडायची, पट्टी ओढून काढायची. मग आम्ही पट्टीची वेळ अभ्यासाच्या वेळेला जोडली. सासूबाई शेजारी बसून तिच्याकडून अक्षरं गिरवून घ्यायच्या.

नऊ महिन्यांनी त्याच नर्सताईंनी तिचा डावा डोळा पुन्हा झाकला. या वेळी तिने मान वाकडी केली नाही. एकेक चित्र सांगत खाली गेली, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या. धाकटा माझ्या कडेवर होता. मी त्यालाही तक्त्यासमोर उभं केलं.