बाटलीतली पांढरी पूड

ठाण्याच्या पाचपाखाडीत माझं औषधांचं दुकान आहे. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या मुली अंडाशयात बीजं वाढवणाऱ्या एचएमजी इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन येतात. काचेची बोटभर बाटली, तळाशी पांढरी पूड, 75 किंवा 150 युनिट. ही कशाची, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते: पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढलेली.

मुलगी दचकते. सोबत सासूबाई असतील तर त्या नाक मुरडतात. अशा वेळी काउंटरवर गर्दी असली तरी मी घाई करत नाही. पाळी गेली की अंडाशयं दाद देईनाशी होतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मग एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं जास्तच सोडू लागते. त्या बाईला त्यांचा काही उपयोग नसतो, ती लघवीवाटे निघून जातात. तीच गोळा करून, शुद्ध करून तरुण मुलीला दिली की तिच्या अंडाशयात बीजं वाढतात.

इटलीत सेरोनो कंपनीने 1950च्या दशकात यासाठी मठांतल्या वयस्कर ख्रिस्ती जोगिणींची (नन्सची) लघवी जमवली. एकाच जागी इतक्या पाळी गेलेल्या बायका दुसरीकडे कुठे मिळणार? शिवाय गरोदरपणातलं संप्रेरक त्यात मिसळण्याची भीती नाही. ते संप्रेरक म्हणजे एचसीजी. तेही औषधच आहे, गरोदर बायकांच्या लघवीतून मिळतं, आणि बीज पक्व झालं की सुटावं म्हणून शेवटी देतात. संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टर ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांनी इस्रायलमध्ये 1962 साली एचएमजीवरचं पहिलं मूल जन्मलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं युरोकायनेजही मुळात माणसाच्या लघवीतलंच.

आता एफएसएच प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडूनही बनवून घेतात. ते महाग पडतं. कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, त्यात मी पडत नाही. पण लघवीतलं म्हणून ते घाण किंवा कमी दर्जाचं, हे मी कोणाला म्हणू देत नाही. ओळख ना पाळख, अशा बायकांनी आपली लघवी दिली म्हणून हे औषध तयार झालं. ज्या मुलीच्या पोटात ती सुई जाणार, तिला एवढं माहीत असायलाच हवं. परवा एका सासूबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे माझ्या वयाच्या बायकांचं?" मी म्हटलं, "हो काकू, तुमच्याच वयाच्या."