पोहताना फ्रीस्टाईलमध्ये किक नेमकी कधी मारायची?

किक मारून मारून दमायला होतं पण पुढे फारसं जायला होत नाही, ही तक्रार इतक्या जणांची असते, आणि मग त्यावर उपाय म्हणून सगळे अजून जोरात पाय मारायला लागतात. माझं मत असं की बहुतेक वेळा जोर कमी नसतोच, वेळ चुकलेली असते. पाय आपल्या तालात, खांदे त्यांच्या तालात, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

किक खाली मारली की त्या बाजूचा हिप वर येतो. बस, सगळं इथून सुरू होतं. डावा पाय खाली मारला की डावा हिप वर, म्हणजे शरीर उजव्या कुशीवर वळतं, आणि त्याच वेळी उजवा हात पाण्यात शिरून पुढे लांब होत असेल तर त्या वळण्याने तो आपोआप अजून पुढे सरकतो आणि इकडे डावा हात पाणी धरून मागे ओढत असतो त्यालाही नुसत्या खांद्याऐवजी अख्ख्या धडाचा जोर मिळतो. चालताना कसं उजवा हात पुढे जातो तेव्हा डावा पाय पुढे असतो, तसंच हे, उलटा हात उलटा पाय. याच्या उलट झालं, म्हणजे उजवा हात पुढे जाताना उजवाच पाय मारला, की शरीर एकीकडे वळायला बघतं आणि किक त्याला दुसरीकडे ढकलते, आणि ती ओढाताण खांद्यावर येते.

टू बीटमध्ये, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीत दोन किक, प्रत्येक हाताला एकच किक येते, त्यामुळे ही वेळ सगळ्यात स्पष्ट कळते. सिक्स बीटमध्ये, म्हणजे त्याच फेरीत सहा किक, प्रत्येक हाताला तीन, पण हात पुढे जातानाची जी उलट्या पायाची किक असते ती मुख्य, बाकीच्या दोन शरीर आडवं ठेवायला आणि वेग टिकवायला. म्हणून मी तर म्हणेन आधी टू बीट सावकाश शिका, सिक्स बीट नंतर. लांब पल्ल्याला टू बीट चालते का असं विचारणाऱ्यांनी अमेरिकेची जलतरणपटू जॅनेट इव्हान्स बघावी, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला ४०० आणि ८०० मीटर फ्रीस्टाईलची गोल्ड तिचीच. उलट ऑस्ट्रेलियाचा जलतरणपटू इयान थॉर्प ४०० मीटरलाही सिक्स बीट मारायचा, पण तसे पाय आणि तेवढा दम सगळ्यांकडे नसतो, मांडीचे स्नायू मोठे असल्याने ऑक्सिजन फार खातात.

आता श्वास, कारण ताल इथेच मोडतो. उजवीकडे श्वास घेताना डावा हात पुढे आणि उजव्या पायाची किक, त्या किकने उजवा हिप वर येतो, धड वळतं आणि तोंड त्याच्यासोबत पाण्याबाहेर येतं, मान वेगळी उचलावी लागत नाही. डोकं उचललं किंवा पुढचा डावा हात लवकर खाली दाबला की तोल जातो आणि पाय कात्रीसारखे फाकतात. अशा वेळी पाय जवळ ठेवा म्हणून सांगून काही होत नाही (मला तरी कधी होताना दिसलं नाही), पुढचा हात टिकवला की पाय बऱ्याचदा स्वतःहून जवळ येतात.

सरावाला एका कुशीवर राहा, खालचा हात पुढे लांब, वरचा मांडीजवळ, हलक्या किक मारत राहा. मग वरचा हात पाण्यावरून पुढे आणा आणि तो पाण्यात शिरतानाच उलट्या पायाची एक ठाम किक मारून दुसऱ्या कुशीवर वळा, परत हलक्या किक. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घातलेत तरी चालेल, त्याने घाई होत नाही. पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगणारा फोमचा ठोकळा) मात्र या सरावात नकोच, तो पाय बांधून ठेवतो आणि हिप वर धरतो, त्यामुळे किकची वेळ चुकतेय हे कळतच नाही. आणि किक गुडघ्यातून नको, हिपमधून हवी, घोटा सैल, गुडघा थोडासाच वाकलेला. सायकल मारल्यासारखा पाय वाकला तर वेळ बरोबर असूनही हिप वर येणार नाही.