टायर एकाच बाजूने झिजतो तेव्हा: जुन्या पिकअपची तपासणी

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन तपासून जुळवण्याच्या, यंत्रावर गाडी चढवण्याआधी टायर नीट पाहून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. यंत्र गाडीची त्या क्षणाची, उभी असतानाची आणि बहुधा रिकामी असतानाची स्थिती दाखवते. रबरावर मात्र गेल्या काही हजार किलोमीटरांत चाक प्रत्यक्षात कसे धावले, याची नोंद उमटलेली असते. जुन्या पिकअपच्या बाबतीत या दोन गोष्टींत अनेकदा फरक पडतो आणि तो फरक समजून न घेता नुसते आकडे जुळवले, तर नवा टायरही त्याच जागी, त्याच वेगाने घासला जातो.

आमची पिकअप हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोहोचवते आणि अधूनमधून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड या मार्गाने कल्याणपर्यंत जाते. पुढचे सस्पेन्शन प्रत्येक चाकाला स्वतंत्र, वरखाली दोन आर्म (चाक धरणारे दांडे) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी असलेली सळई) असलेले आहे. मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. गाडी चुलतभाऊ चालवतो. पुढचा डावा टायर आतल्या कडेने संपत चालल्याचे त्याच्याच लक्षात आले. बाहेरून पाहिले तर नक्षी शाबूत दिसत होती. स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली, तेव्हा तिथे ती जवळजवळ पुसली गेली होती. अलाइनमेंट त्याआधीच करून घेतलेले होते आणि छापील कागदावरचे सगळे आकडे मर्यादेत होते.

अशा वेळी पहिले काम मोजण्याचे. खाचेची खोली मोजणारा साधा गेज स्वस्तात मिळतो. चारही टायरांवर बाहेरची कड, मध्य आणि आतली कड अशा तीन ठिकाणी खोली घ्यावी, टायर थोडा फिरवून पुन्हा घ्यावी आणि वहीत लिहून ठेवावी. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्यांच्या रूपात झिजेची खूण असते; तिची उंची १.६ मिलिमीटर असते आणि नक्षी तिथवर पोहोचली की टायर बदलायचा. आमच्या पुढच्या डाव्या टायरवर बाहेर ६, मध्ये ५ आणि आत जेमतेम २ मिलिमीटर नक्षी उरली होती. उजव्यावर तसाच कल होता, पण बराच सौम्य. मागच्या दोन्ही टायरांच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा थोड्या जास्त झिजल्या होत्या. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही पाहून घ्यावी, कारण २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, आणि फार जुने, कडक झालेले रबर वेगळ्याच तऱ्हेने झिजते.

हवेचा प्रश्न लवकर निकाली काढता येतो. हवा कमी असेल किंवा भार जास्त असेल, तर टायरचा मधला भाग आत दबतो आणि दोन्ही कडा घासल्या जातात. हवा जास्त असेल, तर मधला पट्टा आधी गुळगुळीत होतो. हवा एकाच कडेला झीज करत नाही. म्हणून आमच्या मागच्या टायरांचे उत्तर हवेत आणि भारात होते, पुढच्या डाव्याचे नव्हते. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. पन्नास किलोमीटर धावल्यानंतर पंपावर पाहिलेला आकडा वाढलेलाच असतो आणि तो पाहून हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो.

त्यानंतर हाताचा तळवा. नक्षीवरून तळवा बाहेरून आत आणि मग आतून बाहेर हलकेच फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत लागते आणि उलट दिशेने ठोकळ्यांच्या धारदार कडा बोटांना अडतात, तेव्हा चाक सरळ न धावता थोडे आडवे घसटत चालले आहे, असे समजावे. चाके समोरून एकमेकांकडे जास्त वळलेली असतील, म्हणजे टो-इन जास्त असेल, तर धारदार कडा गाडीच्या मध्याकडे येतात. त्यामुळे हात आत नेताना गुळगुळीत लागतो आणि बाहेर ओढताना अडतो. टो-आऊटमध्ये, म्हणजे चाके समोरून बाहेर उघडलेली असताना, नेमके उलटे घडते. आमच्या दोन्ही पुढच्या टायरांवर हात आत नेताना अडत होता. टो-आऊट आतली कड खातो, त्यामुळे दिसत असलेल्या झिजेशी हे जुळत होते. कागदावर मात्र टो-इन किंचित आणि बरोबर होता.

टोमधली थोडीशी चूक किती महाग पडते, हे आकडेमोड केल्याशिवाय पटत नाही. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर भरतो. पुढच्या दोन टायरांमधले अंतर पुढून आणि मागून मोजले आणि त्यात १० मिलिमीटरांचा फरक निघाला, तर तो दोन चाकांत वाटला जाऊन प्रत्येक चाक सरळ रेषेपासून अर्ध्या अंशापेक्षाही कमी वळलेले असते. तरीही दर किलोमीटरला ते सुमारे ७ मीटर आडवे घसटले जाते. हजार किलोमीटरांत ही आडवी घसट ७ किलोमीटरांची होते, आणि तीही क्रेटच्या ओझ्याखाली.

उभ्या गाडीत टो बरोबर आणि धावत्या गाडीत चूक, हे घडते ढिलेपणामुळे. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत पुढची चाके ढकलली जातात. रस्त्याचा विरोध त्यांना मागे रेटतो आणि ती बाहेरच्या बाजूला उघडू पाहतात. म्हणूनच अशा गाडीला उभ्या स्थितीत थोडा टो-इन दिलेला असतो. टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा), आयडलर आर्म (स्टेअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा आर्म), आर्मचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) यांत खेळ असेल, तर तो थोडा टो-इन खाऊन चाके टो-आऊटमध्ये जातात आणि यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. घाट उतरताना ब्रेक सतत लागतो, त्यामुळे हा परिणाम आणखी वाढतो.

ढिलेपणा शोधण्यासाठी गाडी उचलण्याची पद्धत महत्त्वाची असते आणि इथे बहुतेक ठिकाणी घाई केली जाते. टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला असेल, तर जॅक चासीखाली न लावता त्या खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याजवळ) लावावा, म्हणजे जॉइंटवरचा ताण उतरतो आणि त्याचा खेळ उघड होतो. मागच्या चाकांना ओट (चाक अडवणारा ठोकळा) लावल्याशिवाय आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नये. मग घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवावे. इथला खेळ बॉल जॉइंट किंवा बेअरिंगकडे बोट दाखवतो. दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे: दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, कायम राहिला तर बॉल जॉइंट. त्यानंतर तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे आणि टाय रॉड एंडवर बोट ठेवावे. डोळ्यांना न दिसणारा धक्का बोटाला कळतो. बुशांची परीक्षा अशी होत नाही. त्यासाठी पहार लावून आर्म पुढेमागे दाबून पाहावा लागतो आणि रबर कुठे फाटले आहे, आर्म किती सरकतो, ते दिव्याच्या उजेडात बघावे लागते.

आमच्या गाडीत बॉल जॉइंट आणि बेअरिंग ठीक निघाले. डाव्या बाजूच्या टाय रॉड एंडमध्ये स्पष्ट खेळ होता आणि डाव्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशाचे रबर गोलाकार फाटून आर्म मागे सरकत होता. दोन्ही टायरांवर उमटलेली टो-आऊटची झीज त्यामुळे समजली. तरी डावा टायर उजव्याहून इतका जास्त का खाल्ला गेला, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर गाडीच्या उंचीत सापडले. सपाट फरशीवर, चारही टायरांत योग्य हवा भरून, दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजले, तेव्हा डावी बाजू २० मिलिमीटर खाली होती. पत्रा कधी ठोकून सरळ केलेला असू शकतो, म्हणून खालच्या आर्मच्या टोकांची जमिनीपासूनची उंचीही पडताळून घेतली. फरक खराच होता. टॉर्शन बार ही पिळाने काम करणारी पोलादी सळई आहे आणि वर्षानुवर्षे भार सोसून ती थोडी बसते. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असल्यामुळे त्या बाजूची गाडी खाली आली, की चाकाचा माथा आत कलतो आणि टायर आतल्या कडेवर जास्त भार घेतो. उंची बदलली की टोही बदलतो, कारण टाय रॉड आणि आर्म वेगवेगळ्या कमानींत फिरतात. म्हणून आधी उंची आणि नंतर अलाइनमेंट, हा क्रम बदलता येत नाही. बारच्या टोकाला असलेल्या बोल्टने उंची वाढवता येते, पण त्याने बार अधिक ताकदवान होत नाही; गरजेपेक्षा जास्त उचलली, तर चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि मग बाहेरची कड झिजू लागते. डावी बाजू उजवीच्या बरोबरीला आणून आम्ही थांबलो. पुढच्या बाजूलाही पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल असलेल्या पिकअपमध्ये ही उंचीची गोष्ट या प्रकारे लागू होत नाही; तिथे किंग पिन (जिच्याभोवती चाक वळते ती खीळ) आणि त्याचे बुश आधी पाहावेत.

मागचा भाग तपासल्याशिवाय पुढचा निकाल देऊ नये. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्ट ढिले झाले, तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो, गाडी किंचित तिरकी धावते आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडे धरावे लागते. पुढची चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. एक सेंटीमीटरच्या आसपास फरक निघाला, तर सेंटर बोल्ट बघायलाच हवा. मागच्या दोन्ही टायरांची फक्त आतली कड झिजत असेल, तर सततच्या जादा भाराने अ‍ॅक्सलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) वाकले असण्याची शक्यता असते. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी काही दोष नव्हता. शॉकअपही कोरडे होते. नक्षीवर ठरावीक अंतराने खळगे पडले असते, तर मात्र शॉकअप आणि बॅलन्सिंग यांच्यावरच पहिला संशय घेतला असता.

राहिला भार. टोमॅटोचा एक क्रेट २० किलोंचा धरला, तरी साठ क्रेट म्हणजे १,२०० किलो, आणि त्यात रिकाम्या क्रेटचे वजन वेगळे. भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन आधी फक्त पुढची चाके, मग संपूर्ण गाडी असे दोन आकडे घेतले, तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलवर अपेक्षेपेक्षा बराच जास्त भार येत असल्याचे दिसले, कारण क्रेट मागच्या फाळक्याकडे उंच रचले जात होते. मागच्या टायरांच्या दोन्ही कडा का झिजल्या, ते इथे कळले. केबिनकडे उंच आणि फाळक्याकडे कमी अशी रचना आता ठेवली आहे आणि मागच्या टायरांची हवा दरवाजावरच्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी ठेवली जाते.

टाय रॉड एंड आणि बुश दोन्ही बाजूंचे बदलले, उंची जुळवली आणि त्यानंतरच पुन्हा अलाइनमेंट करून घेतले. अलाइनमेंट करणाऱ्या मिस्त्रींना, चालकाच्या जागी माणूस बसवून आणि हौद्यात नेहमीच्या भाराचा काही भाग ठेवून काम करा, अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, याचे मला फार समाधान वाटते, कारण माल वाहण्यासाठीच असलेल्या गाडीचे आकडे रिकाम्या हौद्यावर ठरवणे मला कधीच पटलेले नाही. पुढच्या अ‍ॅक्सलवर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे दोन नवे रेडियल टायर बसवले. कड खाल्लेला डावा टायर मागे लावायचा सल्ला एकाने दिला होता. आतली कड खुणेच्या इतक्या जवळ आलेला टायर भाराखाली चालवणे धोक्याचे असल्यामुळे तो बाजूला काढला, आणि उजवा जुना टायर स्टेपनी म्हणून ठेवला.

यापुढे टायर फिरवताना, म्हणजे त्यांच्या जागा आपसांत बदलताना, मागचे दोन सरळ पुढे आणि पुढचे दोन उलटसुलट बाजूंनी मागे, हा मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीचा क्रम ८,००० किलोमीटरांच्या आसपास पाळायचा असे ठरले आहे. पण फिरवण्याआधी तिन्ही ठिकाणची खोली वहीत लिहायची, कारण जागा बदलल्यावर कोणत्या कोपऱ्याने काय केले ते शोधता येत नाही. पहिल्या मोजणीत पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फरक निघाला. हा फरक एक मिलिमीटरवर गेला, तर अलाइनमेंटकडे न जाता आधी गाडीची उंची आणि डाव्या बाजूचे बुश पुन्हा तपासणार आहे.