पडद्यामागे थांबताना

गेल्या सुट्टीत घरातल्या आणि शेजारच्या मिळून पाच मुलांनी नाटक करायचे ठरवले, तेव्हा उत्साहाच्या भरात मी एका रात्रीत पूर्ण संहिता लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याचे संवाद हाती दिले. तिसऱ्या तालमीपासून दोघांनी येणे बंद केले. उरलेली तिघे वाक्ये घडाघडा म्हणत होती, पण समोरचा काय बोलतो आहे याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

मी संहिता बाजूला ठेवली, गेलेल्या दोघांना बोलावून आणले आणि फक्त गोष्ट सांगितली: चिमणी झाडावर रुसून निघून जाते आणि बऱ्याच दिवसांनी परतते. माझ्या कागदावर चिमणी म्हणत होती, ‘मित्रा, माझी चूक मला उमगली आहे.’ सात वर्षांची मुलगी मात्र झाडापाशी आली, थोडा वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझी जागा ठेवली होतीस का?’ अंगाभोवती तपकिरी चादर गुंडाळलेले सहा वर्षांचे झाड उत्तरले, ‘हो. पण पाऊस आला तेव्हा ती भिजली.’ तेव्हापासून आधी मुलांनी प्रसंग करून पाहायचा आणि मग त्यांच्या तोंडची वाक्ये मी टिपून घ्यायची, असा क्रम ठरला. लहान मुलांना शब्द न् शब्द पाठ असण्यापेक्षा कशानंतर काय घडते हे पक्के ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते. आणि दहा-बारा मिनिटांचे नाटक त्यांना पुरेसे होते.

रंगमंचासाठी दोन दारांची खोली मिळाली तर प्रवेश आणि निर्गमनाचा प्रश्न आपोआप सुटतो. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने रंगमंचाची कड आखून घ्यावी. आवाजासाठी ‘मोठ्याने बोल’ असे सांगितले की मुले ओरडू लागतात, म्हणून आम्ही एकाला पार मागच्या भिंतीशी बसवत असू आणि ऐकू आले नाही की तो हात वर करी. एवढ्यानेच बोलणारा सावकाश आणि स्पष्ट बोलू लागे.

प्रकाशाचा खेळ मात्र मुलांना मनसोक्त खेळू द्यावा, कारण तिथे त्यांना स्वतःहून जे सापडते ते कोणी शिकवून सापडत नाही. चेहऱ्याच्या थोड्या वर, डाव्या-उजव्या बाजूंना एकेक दिवा ठेवला की चेहरे नीट दिसतात. तोच दिवा हनुवटीखाली धरला की सावल्या वरच्या दिशेला पडतात आणि ओळखीचा चेहरा भीतिदायक होतो. पांढऱ्या चादरीमागे बॅटरी लावून हाताची सावली पाडताना सर्वांत मोठ्या मुलाच्या लक्षात आले की हात बॅटरीजवळ नेला की सावली प्रचंड होते आणि चादरीजवळ आणला की ती लहान, रेखीव होते. आमच्या नाटकातले वादळ त्या हातांतून आले. यात मेणबत्ती मुळीच नको, तापणाऱ्या दिव्याजवळ कापड नको आणि वायरी जमिनीला चिकटवलेल्या हव्यात. ही जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची.

प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेले वाक्य पडद्याआडून हळूच सुचवण्याचे काम, माझ्याकडे होते. मनात तीनपर्यंत मोजायचे आणि मग वाक्याचे पहिले दोनच शब्द पुटपुटायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता, कारण आपल्याला विसरल्यासारखे वाटते तिथे मूल पुष्कळदा विचार करत असते. प्रयोगाच्या दिवशी चिमणी परतली आणि झाडासमोर गप्प उभी राहिली. मी तीन मोजले, तोंड उघडले, तेवढ्यात तिने झाडाच्या चादरीवरून हात फिरवला आणि तालमीत कधीही न म्हटलेले वाक्य म्हटले, ‘केवढं उंच झालंस तू!’ झाडाने क्षणभर पडद्याच्या फटीतून माझ्याकडे पाहिले आणि मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, ‘तू खूप दिवस नव्हतीस ना.’